पुस्तकांच्या दुकानातले १२० तास

पदवीच्या शेवटच्या वर्षाला मूल असलेल्या घरांत सध्या एक नवा शब्द रुळला आहे : ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. कोणी त्याला इंटर्नशिप म्हणते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही अभ्यासक्रमात क्रेडिट मिळू लागले आहे. एक क्रेडिट म्हणजे ३० तास काम. माझी थोरली मुलगी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वाट्याला चार क्रेडिट आले, म्हणजे १२० तास. कॉलेज पत्र देते, जागा मात्र ज्याची त्याने शोधायची.

तिच्या मैत्रिणींपैकी कोणी सी.ए.चे ऑफिस धरले, कोणी पतसंस्था, कोणी हॉस्पिटलचा बिलिंग विभाग. हिने निवडले अप्पा बळवंत चौकाजवळचे एक पुस्तकांचे दुकान. मॉलमधले नव्हे, कोणत्या कंपनीच्या साखळीतलेही नव्हे. एकाच कुटुंबाने दोन पिढ्या चालवलेले, मालक स्वतः गल्ल्यावर बसतात असे दुकान. रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, असे पाच आठवडे ती तिथे गेली. त्या पाच आठवड्यांत ती काय शिकली आणि तिच्यामुळे आमच्या घरात कोणते प्रश्न उभे राहिले, ते इतर पालकांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे मांडते आहे.

‘दुकानात उभे राहायला कॉलेज कशाला?’

पहिला प्रश्न माझ्या सासूबाईंचा होता. “मुलगी बी.कॉम. करतेय आणि दुकानात उभी राहणार? मग कॉलेज कशाला हवं?” मुलीच्या अब्बांची काळजी वेगळी होती. बँकेत किंवा सी.ए.कडे अनुभव घेतला तर पुढे नोकरीच्या अर्जात लिहिता येईल, पुस्तकांच्या दुकानाचे कोण विचारणार? शिवाय कोंढव्याहून बसचा प्रवास, परतायची वेळ, दुकानात बाकी कोण असते, हे प्रश्न होतेच. मुलींच्या बाबतीत ते प्रत्येक घरात विचारले जातात आणि विचारलेच पाहिजेत.

मुलगी आणि तिचे अब्बा एकदा दुकान पाहून आले. आधीपासून काम करणाऱ्या दोन बायका तिथे होत्या, वेळ सकाळी दहा ते दोन ठरली, असरच्या आत ती बसमध्ये बसणार हे नक्की झाले. मालकांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली : “पगार देता येणार नाही, बसभाडं देईन. पण नुसती धूळ झटकायला ठेवणार नाही. हिशेब, खरेदी, गिऱ्हाईक, सगळं दाखवीन.” शब्दाला ते जागले. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी बोलून दिले नाही. ते हळूहळू, रोज रात्रीच्या जेवणाच्या वेळी मिळत गेले.

३०० रुपयांच्या पुस्तकाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या मुलांना नफा-तोट्याची गणिते पाठ असतात. पण एका पुस्तकामागे दुकानदाराच्या हातात काय उरते, हे तिने पहिल्यांदा पाहिले. समजा, पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि प्रकाशकाने दुकानाला ३० टक्के कमिशन दिले. म्हणजे ९० रुपये. समोरचे गिऱ्हाईक म्हणते, “काही कमी करा की.” दहा टक्के सूट दिली की ३० रुपये गेले, ६० उरले. त्या ६० रुपयांतून दुकानभाडे, वीज, दोघा-तिघांचे पगार आणि पुस्तकांचे गठ्ठे आणायचा खर्च. तेच पुस्तक मोबाईलवर २५ टक्के सुटीत दिसत असेल आणि दुकानदाराने तेवढी सूट द्यायची ठरवली, तर उरतात १५ रुपये. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण किंमत छापलेली असल्याने खर्च वाढला म्हणून दुकानदाराला ती वाढवताही येत नाही.

दुसरी गोष्ट परतीची. सगळी पुस्तके दुकानदार रोख पैसे मोजून आणत नाही. बरीचशी ‘विकली तर पैसे, नाही तर परत’ या बोलीवर येतात. कापड आणि सोन्याच्या बाजारात याला जांगड म्हणतात. ठरलेल्या मुदतीत जे पुस्तक हलले नाही, ते गठ्ठ्यात बांधून प्रकाशकाकडे परत जाते. त्यासाठी कोणत्या चलनाने किती प्रती आल्या, किती गेल्या, किती उरल्या याची नोंद चोख लागते. मुलीचे पहिले दहा दिवस या नोंदींत गेले. जुन्या रजिस्टरमधल्या नोंदी तिने संगणकावर घेतल्या, प्रत्यक्ष साठा मोजून ताळा केला. कॉलेजात शिकलेले इन्व्हेंटरी हे प्रकरण तिला इथे, शिडीवर चढून, कणे वाचत वाचत खरे समजले.

पुस्तकाच्या मागे छापलेल्या १३ आकडी आयएसबीएन क्रमांकाचे रहस्यही तिने घरी आणले. पहिल्या आकड्याला एकने, दुसऱ्याला तीनने, पुन्हा एकने, पुन्हा तीनने, असे सगळे १३ आकडे गुणत जायचे आणि बेरीज करायची. ती दहाने पूर्ण भागली गेली तर क्रमांक बरोबर. नोंद करताना एखादा आकडा चुकीचा पडला की संगणक यावरूनच ओळखतो. माझ्या धाकट्याला हे इतके आवडले, की दोन दिवस तो घरातले प्रत्येक पुस्तक उलटे करून गुणाकार करत बसला होता. शाळेच्या गृहपाठाला इतक्या खुशीने तो कधी बसलेला नाही.

आणि हो, धूळ झटकणेही होतेच. पावसाळ्यात पुस्तकांना दमट वास लागू नये म्हणून फळी भिंतीपासून थोडी पुढे ठेवतात, कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या कुठे ठेवतात, जाड पुस्तक शेल्फातून काढताना कण्याच्या वरच्या टोकाला धरून का ओढायचे नाही, हे तिने शिकून घेतले. आता ती आमच्या घरातल्या पुस्तकांवरही नजर ठेवून असते.

नाव पाहून लावलेले पुस्तक

तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे मांडणीचे काम आले. कथा, कादंबरी, कविता, चरित्र, इतिहास, धर्म, आरोग्य, स्पर्धा परीक्षा, बालवाङ्मय अशी शेल्फे. कोणते पुस्तक कुठे लावायचे हे वरवर सोपे वाटते. पण गिऱ्हाईक कविता शोधत असेल आणि कवितासंग्रह भलत्याच शेल्फात असेल, तर ते पुस्तक दुकानात असून नसल्यासारखे.

धर्माच्या शेल्फात, कुरआनच्या मराठी अनुवादाशेजारी, तिला एक पातळ पुस्तक सापडले. कवीचे नाव मुसलमानी. उघडून पाहिले तर आत गावाच्या, शेताच्या, आईच्या कविता. धर्माचा काही संबंध नाही. लावणाऱ्याने फक्त नाव पाहिले असावे. ती पुस्तक घेऊन मालकांकडे गेली.

“काका, हे कवितेत हवं ना?”

त्यांनी चष्मा लावून दोन पाने वाचली. “हो गं. नाव बघून ठेवलंय कोणीतरी. कवितेत लाव. आणि अशी आणखी असतील तर तीही बघ.”

आणखी चार निघाली. एक कादंबरी, दोन कथासंग्रह, एक आत्मचरित्र. सगळी आपापल्या जागी गेली. तिचे शेवटचे दिवस चालू असताना त्यातल्या कवितासंग्रहाची एक प्रत विकली गेली. घेणारा कॉलेजचा मुलगा होता. कवितेच्या शेल्फासमोर उभा राहून त्याने तीन-चार पुस्तके चाळली आणि त्यातले हे घेतले.

यात कोणाचा द्वेष नव्हता, कोणी मुद्दाम काही केले नव्हते. पण मराठीत लिहिणारा मुसलमान लेखक म्हणजे धर्मावरच लिहिणार, अशी एक समजूत किती सहजपणे शेल्फापर्यंत पोहोचते, हे तिने पाहिले. आणि ती दूर करायला भाषण लागले नाही. पुस्तक उघडून पाहणारे कोणीतरी तिथे हजर असणे पुरेसे झाले. सासूबाईंनी हा किस्सा ऐकला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “मग बरं झालं तू उभी होतीस.”

मागणीची वही

या सगळ्या अनुभवात मला सर्वात महत्त्वाची वाटली ती गल्ल्याशेजारी ठेवलेली एक साधी, दोऱ्याने बांधलेली वही. गिऱ्हाईकाने मागितलेले पुस्तक दुकानात नसेल तर ते या वहीत लिहायचे : तारीख, पुस्तक, लेखक, मागणाऱ्याचा फोन. संध्याकाळी मालक वही पाहतात. एखादे पुस्तक मिळण्यासारखे असेल तर मागवतात. तेच नाव दोन-तीनदा आले की एकाऐवजी पाच प्रती मागवतात. जे नाव कधीच येत नाही, ते परतीच्या गठ्ठ्यात जाते.

म्हणजे दुकानात कोणते पुस्तक राहणार, हे दुकानदार एकटा ठरवत नाही. मागणारा ठरवतो.

एके दिवशी श्रीगोंद्याकडचे एक वारकरी आजोबा आले. त्यांना शेख महंमदांचे पुस्तक हवे होते. दुकानात नव्हते. मुलीने वहीत नोंद केली आणि संध्याकाळी घरी येऊन विचारले, “अम्मी, शेख महंमद म्हणजे कोण?” त्या रात्री आमच्या घरी त्यांच्यावर बोलणे झाले. श्रीगोंद्याचे हे सूफी संतकवी, ‘योगसंग्राम’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ, शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांचे गुरू म्हणून परंपरा त्यांना ओळखते. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांची वाट किती जुनी आहे, हे एका वारकरी आजोबांच्या मागणीने आमच्या जेवणाच्या दस्तरखानावर आले.

मग शाहीर अमर शेखांची आठवण निघाली. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, ज्यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा दणाणल्या. पुण्यातच १९९० साली झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, हे मुलीच्या अब्बांनी सांगितले. संतसाहित्याचा हा गाढा अभ्यासक मुसलमान होता, हे ऐकून धाकट्यालाही नवल वाटले.

त्या पाच आठवड्यांत मागणीच्या वहीत आपल्या समाजातल्या गिऱ्हाइकांची नावे किती आली, असे मी मुलीला विचारले. थोडीच, आणि तीही बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी. मालकांशी तिचे यावर बोलणे झाले होते. ते म्हणाले, “तुमच्याकडची माणसं जूनमध्ये येतात, मुलांची पुस्तकं-गाईडं नेतात आणि मग पुढच्या जूनमध्ये येतात. पण खरं सांगू? सगळ्यांचंच तसं आहे. पूर्वी दिवाळीला, लग्नाला पुस्तकं जायची. आता तीही कमी झाली.”

दोष फक्त आपला नाही, हे खरे. पण आपल्या घरांची एक वेगळी अडचण आहे. घरात बोली दखनी, कोकणात कोकणी, शाळा मराठी किंवा इंग्रजी, दीनी तालीम उर्दू-अरबीत. मूल तीन-चार लिपी ओळखते, पण अभ्यासाबाहेरचे पुस्तक एकाही लिपीत हातात घेत नाही. ‘इक्रा’बद्दल आपण प्रत्येक जलशात ऐकतो. पुस्तक विकत घेण्याबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते.

हा धंदा आपल्याला परका नाही

बगदादच्या बाजारात पुस्तकांची दुकाने होती तेव्हा छपाईचा पत्ताही नव्हता. या दुकानदारांना वर्राक म्हणत. वर्राक कागद विकायचा, हस्तलिखिताच्या नकला करायचा, बांधणी करायचा आणि पुस्तकेही विकायचा. नवव्या शतकातल्या याकूबीने बगदादमध्ये अशी शंभराहून अधिक दुकाने असल्याचे नोंदवले आहे. बसऱ्याचा विद्वान जाहिज हा तर वर्राकांची दुकाने भाड्याने घेऊन रात्रभर आत वाचत बसायचा, असे सांगतात.

हे सांगणारा इब्न नदीम स्वतःच वर्राक होता आणि त्याचे वडीलही त्याच धंद्यात होते. इ.स. ९८७ मध्ये त्याने ‘अल-फिहरिस्त’ लिहिले. अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची आणि त्यांच्या लेखकांची ती यादी. त्यातली कित्येक पुस्तके आज नष्ट झाली आहेत. ती एकेकाळी होती, हे जगाला कळते ते या दुकानदाराच्या नोंदीमुळे. रजिस्टर उतरवून काढण्याचे काम कंटाळवाणे वाटले तेव्हा मी मुलीला हीच गोष्ट सांगितली होती.

आपल्या देशातही हा वारसा आहे आणि तो एका धर्माचा नाही. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये लखनौला छापखाना काढला. त्यातून कुरआन शरीफ छापला गेला, फारसी-उर्दूचे ग्रंथ छापले गेले आणि हिंदू धर्मग्रंथही. जामिया मिल्लियाशी जोडलेला मकतबा जामिया १९२२ पासूनचा. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये एका चित्रपटगृहातल्या छोट्या जागेत सुरू केलेला स्ट्रँड बुक स्टॉल पुढे मोठा झाला, आणि २०१८ मध्ये बंद झाला. फोर्टमधले किताबखाना डिसेंबर २०२० मध्ये आगीत होरपळले, पण काही महिन्यांत पुन्हा उघडले. दुकाने बंद पडतात आणि उभीही राहतात. आगीनंतर दुकान पुन्हा उघडता येते. गिऱ्हाईक आटले की ते उघडणे कठीण.

आपल्या मुलांना पाठवायचे असेल तर

या अनुभवावरून पालकांना आणि विद्यार्थ्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

दुकानात विचारायला जून-जुलैमध्ये जाऊ नका. शाळा-कॉलेजच्या गर्दीत कोणाला शिकवायला सवड नसते. त्याआधीच्या किंवा नंतरच्या शांत महिन्यांत जा. सोबत कॉलेजचे पत्र न्या आणि किती तास, कोणती वेळ, कोणते काम हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. बसभाडे किंवा मानधन मिळणार का, हेही संकोच न करता विचारा.

मुलगी जाणार असेल तर घरातल्या कोणीतरी एकदा दुकान पाहून यावे. बायका कामाला आहेत का, स्वच्छतागृह आहे का, उशीर झाला तर परतायची सोय काय, हे पाहावे. चांगल्या मालकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

रोजचे काम रोज वहीत लिहा आणि मालकांची सही घ्या. कॉलेजचा अहवाल शेवटच्या दोन दिवसांत आठवून लिहिता येत नाही. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी साठा, उधारी, परती यांचा अभ्यास करावा. कला शाखेच्या मुलांनी वाचक काय मागतात ते टिपावे. संगणकाची मुले दुकानाची नोंद सोपी करून देऊ शकतात. आमच्या मुलीने नव्या पुस्तकांची यादी दर शनिवारी व्हॉट्सॲपवर जुन्या गिऱ्हाइकांना पाठवायला सुरुवात केली. ती आता गेली असली तरी दुकानात ते काम चालू आहे.

पुढचे मार्गही आहेत. मुद्रितशोधन, संपादन, अनुवाद, वितरण, प्रकाशनसंस्थेचे लेखा खाते, आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी. यात लगेच मोठा पैसा नाही. पण दखनी, उर्दू, मराठी आणि इंग्रजी जाणणाऱ्या मुलामुलीला अनुवाद आणि संपादनात जे करता येईल, ते एकच भाषा येणाऱ्याला करता येणार नाही. आपण ज्याला अडचण समजतो, त्या तीन-चार लिपी इथे भांडवल ठरू शकतात.

आणि ज्यांच्या घरी इंटर्नशिपचा प्रश्नच नाही, त्यांच्यासाठी एक साधे काम. आपल्या गावातल्या पुस्तकांच्या दुकानात जा आणि एक पुस्तक नाव घेऊन मागा. शेख महंमदांचे मागा, एखाद्या नव्या मुस्लिम मराठी लेखिकेचे मागा, मुलांसाठी सीरतचे किंवा विज्ञानाचे मागा, किंवा जे खरोखर वाचायचे आहे ते मागा. नसेल तर “मागवून देता का?” असे विचारून आपले नाव आणि फोन लिहून या. फोन आला की जाऊन ते घ्या. ईदीच्या पाकिटासोबत, निकाहच्या आहेरात, परीक्षा पास झालेल्या भाच्याला एक पुस्तक द्या. महिन्याला एक जमत नसेल तर दोन ईदला दोन.

आपले लेखक लिहीत आहेत. त्यांची पुस्तके कोणत्या तरी शेल्फात, कदाचित चुकीच्या शेल्फात, आहेत. ती तिथे राहतील की गठ्ठ्यात बांधून परत जातील, हे गल्ल्याशेजारच्या त्या वहीत ठरते. त्या वहीत लिहायला पैसे लागत नाहीत, फक्त दुकानाची पायरी चढावी लागते.